धोका कळतो, पण छातीत धस्स होत नाही: सायकोपॅथ माणसाची भीती आणि इतर भावना

१९६५ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी एक साधा, पण पुढे फार गाजलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रिटिश कोलंबियातील तुरुंगातल्या कैद्याला खुर्चीवर बसवले जाई, त्वचेवरचा घाम टिपणारे उपकरण त्याला जोडले जाई आणि त्याच्यासमोर १ ते १२ हे आकडे एकापाठोपाठ एक येत जात. ८ हा आकडा आला की विजेचा झटका बसणार, हे त्याला आधीच सांगितलेले असे. १ आला, २ आला, ३ आला. झटका अजून दूर आहे, तरीही सर्वसाधारण माणसाची त्वचा याच सुमारास ओलावू लागते आणि ८ जवळ येईल तसा हा ओलावा वाढत जातो. सायकोपॅथ, म्हणजे वरवर सामान्य दिसणारे पण पश्चात्ताप नसलेले आणि दुसऱ्याच्या दुःखाबद्दल बधिर असलेले, असे ठरवल्या गेलेल्या कैद्यांमध्ये मात्र ही चढण फार उशिरा सुरू झाली आणि फार वरही गेली नाही. आकडे त्यांनाही दिसत होते आणि आठव्या आकड्याला काय होणार हे त्यांनाही ठाऊक होते, परंतु येऊ घातलेल्या दुखण्याची चाहूल त्यांच्या शरीराला आधीपासून लागत नव्हती.

मराठीत भीतीसाठी जे वाक्प्रचार आहेत ते बहुतेक सगळे शरीराचे आहेत. छातीत धस्स होते, पोटात गोळा येतो, अंगावर काटा उभा राहतो, हातपाय गार पडतात, बोबडी वळते. भरताच्या नाट्यशास्त्रातही स्वेद, रोमांच, कंप, स्वरभंग यांना सात्त्विक भाव म्हणून स्वतंत्र स्थान दिलेले आहे. भीती ही केवळ मनात येणारी कल्पना नसून शरीरावर उमटणारी गोष्ट आहे, हे आपल्या भाषेला फार पूर्वीपासून माहीत आहे आणि सायकोपॅथ माणसाच्या भावना समजून घेण्यासाठी हीच जाण सर्वांत उपयोगी पडते. घाटाच्या वळणावर समोरून अचानक ट्रक आला, तर दुचाकीस्वाराचा पाय ब्रेकवर आधी पडतो, काळजाचा ठोका आधी चुकतो आणि ‘आत्ता मेलो असतो’ हा विचार क्षणभराने येतो. म्हणजे भीतीत किमान दोन गोष्टी एकत्र असतात: धोका टिपून शरीराला आपोआप सज्ज करणारी यंत्रणा आणि ‘मी घाबरलो आहे’ ही जाणीव. एरवी या दोन्ही इतक्या लगोलग येतात की आपल्याला त्यांच्यातला फरक जाणवतच नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. बोलताना आपण ‘सायको’ हा शब्द वेड लागलेल्या, विकृत किंवा नुसत्या विक्षिप्त माणसासाठीही सर्रास वापरतो आणि त्यामुळे दोन पूर्णपणे वेगळ्या अवस्थांची सरमिसळ होते. सायकोसिसमध्ये माणसाचा वास्तवाशी असलेला संबंध तुटतो. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्याविरुद्ध कट करत आहे असे त्याला ठामपणे वाटते. मुंबईच्या उपनगरांत रस्त्यावर झोपणाऱ्यांचे खून करणारा आणि १९६८ मध्ये पकडला गेलेला रामन राघव आजही अनेकांना सायकोपॅथचे उदाहरण वाटतो. परंतु डॉक्टरांच्या तपासणीत त्याला दीर्घकालीन पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे सायकोसिसचाच एक आजार, असल्याचे निष्पन्न झाले होते आणि याच आजारामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये त्याची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. सायकोपॅथ माणसाला भास होत नाहीत. तो काळ, वेळ, कायदा आणि परिणाम नीट जाणतो, बोलण्यात अनेकदा तरबेज असतो आणि अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी १९४१ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले तेव्हा त्यांना सर्वांत चक्रावून टाकणारी गोष्ट हीच वाटली, की वरवर पाहता या माणसांत काहीच बिघडलेले दिसत नाही.

आज संशोधनात सर्वाधिक वापरली जाते ती हेअर यांनीच तयार केलेली २० मुद्द्यांची सूची. वरवरचे आकर्षक वागणे, सराईत खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या दुःखाबद्दलची बधिरता, उतावळेपणा, बेजबाबदारपणा अशा प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण दिले जातात. एकूण ४० पैकी ३० किंवा अधिक गुण मिळाले तर उत्तर अमेरिकेत त्या व्यक्तीला सहसा सायकोपॅथ मानले जाते. ही सूची प्रशिक्षित तज्ज्ञाने दीर्घ मुलाखत आणि जुनी कागदपत्रे पाहून भरायची असते. त्यामुळे दहा प्रश्नांची चाचणी सोडवून शेजाऱ्याला किंवा साहेबाला सायकोपॅथ ठरवण्यात काहीही अर्थ नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, या कडक मोजपट्टीने पाहिले तर सर्वसामान्य प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे १.२ टक्के भरते. हा सगळा मामला ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा नसून कमी-अधिक प्रमाणाचा आहे, आणि या लेखातले बरेचसे प्रयोग पाश्चात्त्य देशांतील तुरुंगांमधल्या पुरुषांवर झालेले आहेत, हेही वाचताना ध्यानात ठेवावे.

आता भीतीकडे वळू. हेअर यांच्याही आधी, १९५७ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटाचे डेव्हिड लिकेन यांनी जो प्रयोग केला तो मला या विषयातला सर्वांत बोलका प्रयोग वाटतो. त्यांनी एक यांत्रिक चक्रव्यूह बनवला. त्यात २० टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर चार खटके. चारांपैकी एक बरोबर, तो दाबला की पुढचा टप्पा. उरलेले तीन चुकीचे, पण त्या तिघांतला एक असा, की तो दाबला तर विजेचा झटका बसे. भाग घेणाऱ्याला एवढेच सांगितलेले असे, की बरोबर खटक्यांचा क्रम शिकून घ्या. झटका टाळण्याबद्दल कोणी काहीच बोलत नसे. परंतु हा चक्रव्यूह पुन्हा पुन्हा सोडवताना बहुतेक माणसे नकळत झटक्याचा खटका सोडून देऊ लागतात आणि चूक झालीच तर ती निरुपद्रवी खटक्यावर होते. सायकोपॅथ माणसे बरोबर रस्ता इतरांइतक्याच वेगाने शिकली, म्हणजे बुद्धी आणि स्मरणशक्ती यांत काही खोट नव्हती. झटक्याचा खटका टाळायला मात्र ती इतरांसारखी शिकली नाहीत. इतरांच्या हाताला जणू त्या खटक्याची धास्ती बसली होती, यांच्या हाताला ती बसली नाही. यावरून लिकेन यांनी असा सिद्धान्त मांडला, की सायकोपॅथीच्या मुळाशी भीतीची जन्मजात कमतरता आहे.

लहान मूल तव्याला हात लावते, चटका बसतो आणि दुसऱ्या वेळी तवा नुसता दिसला तरी हात आखडतो. ही शिकवण शब्दांतून होत नाही, तर खूण आणि वेदना यांची आपोआप गाठ बांधली जाते आणि या कामात मेंदूतील अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग मोठी भूमिका बजावतो. २००५ मध्ये जर्मनीतील नील्स बिरबाउमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गाठ बांधली जाताना मेंदूचे चित्रण केले. विशिष्ट चेहरा दिसला की वेदनादायक दाब दिला जाई. निरोगी लोकांच्या अमिग्डालात हालचाल दिसली आणि त्वचेवर घाम आला. सायकोपॅथ व्यक्तींमध्ये यांपैकी काहीच घडले नाही. तरीही कोणत्या चेहऱ्यानंतर दुखते, हे विचारल्यावर त्यांनी अचूक सांगितले. त्यांच्याजवळ धोक्याची माहिती संपूर्ण होती आणि त्या माहितीला शरीराची साथ नव्हती. ‘त्याला इतक्यांदा समजावले, त्याला सगळे कळते, तरी तो तसाच का वागतो’ असे ज्या घरांतून हताशपणे विचारले जाते, त्या प्रश्नाचा एक भाग इथे उलगडतो.

दचकण्याची कथाही अशीच आहे. अंधाऱ्या जिन्यात आधीच जीव मुठीत धरून चाललेल्या माणसाच्या मागे भांडे पडले तर तो दिवसा दचकेल त्यापेक्षा कितीतरी जोरात दचकतो, कारण मन आधीच भ्यालेले असते. १९९३ मध्ये ख्रिस्तोफर पॅट्रिक यांनी कैद्यांना सुखद, तटस्थ आणि भयावह चित्रे दाखवली आणि मधेच मोठा आवाज करून पापण्यांची उघडझाप मोजली. सामान्यतः भयावह चित्र पाहताना पापणी अधिक जोराने मिटते. सायकोपॅथ कैद्यांमध्ये ही वाढ दिसलीच नाही. भयावह चित्राकडे पाहताना त्यांचे दचकणे उलट सुखद चित्राच्या वेळी व्हावे तसे कमी झाले होते.

इथवर वाचून सायकोपॅथ माणूस निर्भय असतो, असा निष्कर्ष निघतो आणि लोकप्रिय समज तिथेच थांबतो. परंतु पुढची हकीकत जास्त महत्त्वाची आहे. १९७० मध्ये फ्रँक श्मॉक यांनी लिकेन यांच्या चक्रव्यूहात झटक्याऐवजी वेगवेगळ्या शिक्षा ठेवून पाहिल्या. झटका किंवा ‘चूक’ असा शेरा यांची सायकोपॅथ कैद्यांनी फिकीर केली नाही, पण चुकीच्या खटक्याला पैसे जात होते तेव्हा ते चूक टाळायला व्यवस्थित शिकले. शिक्षेतून शिकण्याची क्षमता मुळातच नसती तर असे घडले नसते.

त्यानंतर विस्कॉन्सिन विद्यापीठातील जोसेफ न्यूमन यांनी माणसाचे लक्ष त्या क्षणी कुठे असते, हा मुद्दा पुढे आणला. त्यांच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कैद्यांसमोर पडद्यावर रंगीत अक्षरे येत आणि एका रंगाचे अक्षर आले तर झटका बसण्याची शक्यता असे. काही वेळा कैद्यांना अक्षराचा रंग सांगायचा होता, म्हणजे धोक्याच्या खुणेकडेच पाहायचे होते. काही वेळा अक्षराचे दुसरेच काही वैशिष्ट्य सांगायचे होते आणि रंग केवळ डोळ्यांसमोर असे. लक्ष दुसरीकडे असताना सायकोपॅथ कैद्यांची भीतीची प्रतिक्रिया फारच कमी भरली. लक्ष धोक्यावरच असताना मात्र ती इतर कैद्यांइतकीच आली. न्यूमन यांचे म्हणणे असे, की या माणसांमध्ये भीतीची यंत्रणा आहे, परंतु एकदा त्यांचे लक्ष हव्या असलेल्या गोष्टीवर खिळले, की बाजूने येणारी धोक्याची सूचना आत पोहोचतच नाही. आपल्याला पैशाचे पाकीट दिसते आणि त्याच वेळी कोपऱ्यातला कॅमेरा, मालकाचा चेहरा, उद्याची बदनामी हे सारे न बोलावता मनात गर्दी करते. सायकोपॅथ माणसाला फक्त पाकीट दिसते.

लिकेन बरोबर की न्यूमन, हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. २०१६ मध्ये सिल्को हॉपेनब्राउवर्स आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेऊन धोका आपोआप टिपण्याची यंत्रणा आणि भीती जाणवणे या दोहोंना वेगळे केले. त्यांच्या मते सायकोपॅथीमध्ये पहिल्या यंत्रणेत दोष असल्याचे पुरावे बऱ्यापैकी आहेत, परंतु दुसरीत, म्हणजे भीतीच्या प्रत्यक्ष अनुभवात, दोष असल्याचे पुरावे तुटपुंजे आहेत. सोप्या शब्दांत, सायकोपॅथ माणूस घाबरू शकतो. त्याला वेळेवर घाबरवणारी घंटा मंद आहे. मला हेच स्पष्टीकरण आज उपलब्ध असलेल्यांत सर्वाधिक पटते. तरीही व्यक्तिपरत्वे फरक मोठा असणार, कारण अॅबिगेल मार्श यांच्या २०११ च्या अभ्यासात सायकोपॅथीची लक्षणे असलेल्या किशोरवयीन मुलांना त्यांचे भावनिक अनुभव आठवून सांगायला लावले, तेव्हा त्यांनी इतर मुलांपेक्षा भीती कमी वेळा अनुभवल्याचे सांगितले आणि भीतीच्या क्षणी धडधड, घाम, थरथर अशा गोष्टीही कमी झाल्याचे नोंदवले.

भीती नसली म्हणजे माणूस क्रूर होतो, असे तर अजिबात नाही. अमेरिकेतील आयोवा येथे संशोधकांनी अनेक वर्षे अभ्यासलेली, एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक महिला आहे. उर्बाख-विटे नावाच्या दुर्मीळ आजारात तिचे दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले. साप हातात घेताना तिला कुतूहल वाटले, भुताटकीच्या वाड्यात ती सर्वांच्या पुढे चालली, पण भय तिला शिवले नाही. ही स्त्री सायकोपॅथ नाही. ती मोकळ्या स्वभावाची आहे आणि तिने मुलांना वाढवले आहे. गंमत म्हणजे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण जास्त असलेली हवा एका श्वासापुरती हुंगवल्यावर तिलाही प्रचंड घबराट झाली. गुदमरण्याची भीती अमिग्डालाशिवायही निर्माण होते, तेव्हा भीतीला मेंदूत एकच पत्ता नाही.

मग क्रौर्य येते कुठून? ब्रिटिश संशोधक जेम्स ब्लेअर यांनी दिलेले उत्तर दुसऱ्याच्या चेहऱ्याशी निगडित आहे. भांडताना लहान मूल दुसऱ्याला मारते, समोरचे मूल भेदरते, ओठ काढते, रडू लागते आणि मारणाऱ्याचा हात थबकतो. समोरच्याचे भय आणि दुःख आपल्याला आतून नकोसे वाटते, म्हणून ते आपल्यासाठी लगामाचे काम करते आणि अशा असंख्य प्रसंगांतून ‘मारू नये’ हा नियम केवळ पाठ न राहता अंगी मुरतो. सायकोपॅथीमध्ये हा लगाम ढिला असतो, असे ब्लेअर मानतात. मार्श आणि ब्लेअर यांनी २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा समाजविघातक वर्तन असलेल्या लोकांना चेहऱ्यांवरील भाव ओळखताना, त्यांतही भयभीत चेहरा ओळखताना, विशेष अडचण येते असे दिसले. स्वतःच्या भीतीचा जो अनुभव क्षीण आहे, तोच दुसऱ्याच्या चेहऱ्यावर वाचता येत नाही, ही जोडी मला फार विचार करायला लावते. मार्श यांनीच २०१४ मध्ये अनोळखी व्यक्तीला मूत्रपिंड दान करणाऱ्या १९ जणांचा अभ्यास केला. त्यांचा उजवा अमिग्डाला सरासरीपेक्षा मोठा होता आणि भेदरलेल्या चेहऱ्यांना तो अधिक जोराने प्रतिसाद देत होता.

पण इथेही लक्षाचा मुद्दा पुन्हा येतो. नेदरलँड्समध्ये क्रिस्टियान कीझर्स, वालेरिया गाझोला आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सायकोपॅथ गुन्हेगारांना हातांच्या छोट्या चित्रफिती दाखवल्या. एका हाताने दुसऱ्याला प्रेमाने कुरवाळले, दुखवले, झिडकारले. कोणतीही सूचना न देता पाहताना त्यांच्या मेंदूत दुसऱ्याच्या वेदनेचा पडसाद इतरांपेक्षा कमी उमटला. ‘त्या माणसाला काय वाटत असेल ते स्वतः अनुभवण्याचा प्रयत्न करा’ असे सांगितल्यावर मात्र हा फरक बराचसा बुजला. म्हणजे दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याची क्षमता आहे, परंतु ती आपणहून जागी होत नाही. ती हवी तेव्हा चालू करता येते आणि नको तेव्हा बंदच राहते. समोरच्याला भुरळ घालताना अत्यंत समंजस वाटणारा माणूस नंतर त्याच व्यक्तीला निर्विकारपणे कसा लुबाडतो, याचे हे एक पटण्यासारखे कारण आहे.

इतर भावनांबद्दल थोडक्यात. राग सायकोपॅथ माणसाला भरपूर येतो, विशेषतः इच्छेच्या आड कोणी आले की. म्हणून ‘थंड डोक्याचा’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. आनंद, उत्तेजना, काहीतरी मिळवण्याची ओढ याही भावना त्याला असतात. प्रेम आणि शोक यांबाबत नातलगांचे अनुभव सहसा असे असतात, की या भावना दिसतात, पण त्या उथळ आणि अल्पजीवी असतात. १९९१ मध्ये हेअर यांच्या गटाला असेही आढळले, की भावनेने भारलेला शब्द आणि कोरडा शब्द यांत सामान्य माणसाचा मेंदू जो फरक करतो, तो या कैद्यांच्या मेंदूत उमटत नाही. शब्दाचा अर्थ पोहोचतो, पण त्याची धग पोहोचत नाही.

पश्चात्तापाचे निष्कर्ष अनपेक्षित आहेत. २०१६ मध्ये एरिएल बास्किन-सोमर्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना दोन चक्रांपैकी एक निवडून जुगार खेळायला दिला आणि नंतर न निवडलेल्या चक्रावर काय मिळाले असते तेही दाखवले. सायकोपॅथीची लक्षणे जास्त असलेल्यांना हळहळ कमी वाटेल अशी अपेक्षा होती, परंतु त्यांनी उलट अधिक हळहळ व्यक्त केली. फरक पुढच्या डावात होता. ‘असे निवडले तर नंतर वाईट वाटेल’ हा विचार करून इतर लोक आपली निवड बदलत. ही माणसे तसा बदल करत नव्हती. हळहळ त्यांना घटनेनंतर जाळते, घटनेपूर्वी सावध करत नाही. ही हळहळ स्वतःच्या हुकलेल्या फायद्याची होती, दुसऱ्याला दिलेल्या त्रासाची नव्हे, हेही नोंदवायला हवे.

या सगळ्याची सुरुवात किती लवकर होते? मॉरिशसमध्ये तीन वर्षांच्या १,७९५ मुलांवर भीतीच्या शिकवणीची तपासणी झाली होती: ठरावीक सूर वाजला की पाठोपाठ कर्कश आवाज येई आणि नंतर नुसत्या त्या सुराने मुलाच्या त्वचेवर घाम येतो का ते पाहिले जाई. वीस वर्षांनी, वयाच्या २३ व्या वर्षी, त्यांतल्या १३७ जणांच्या नावावर गुन्हे नोंदले गेले होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दिसले, की पुढे गुन्हेगार झालेल्या या गटात तिसऱ्या वर्षी सुराची धास्ती बसलेलीच नव्हती. हा अभ्यास गुन्हेगारीचा होता, सायकोपॅथीचा नव्हे, आणि न घाबरणारे प्रत्येक मूल वाईट मार्गाला जाते असा त्याचा अर्थ मुळीच नाही. डोंगरकडे चढणारे, आगीत शिरणारे, शस्त्रक्रिया करताना हात न थरथरणारे लोकही अशाच मुलांतून घडत असतील.

पालकांसाठी मात्र यात एक अत्यंत व्यावहारिक धागा आहे. ग्राझिना कोखान्स्का यांनी १९९० च्या दशकात लहान मुलांच्या सदसद्विवेकाचा अभ्यास करताना दाखवले, की भित्र्या मुलाला हळुवार शब्दांतली समज पुरते, कारण तेवढ्यानेही त्याच्या मनात अस्वस्थता निर्माण होते. न घाबरणाऱ्या मुलात मात्र ही अस्वस्थता उत्पन्नच होत नाही आणि त्याचा सदसद्विवेक आईशी असलेल्या प्रेमाच्या, विश्वासाच्या नात्यातून वाढतो. अशा मुलाला धाक दाखवून, मारून, अंधाऱ्या खोलीत कोंडून वळण लावण्याचा प्रयत्न आपल्याकडे आजही अनेक घरांत होतो. ज्या दाराने काही आत जातच नाही, त्याच दारावर आणखी जोराने धडका देण्याचा हा प्रकार आहे आणि त्यात जे नाते त्याला वाचवू शकले असते तेच मोडते.

विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन येथे १९९५ पासून चालणारे मेंडोटा किशोर उपचार केंद्र याच समजुतीवर उभे आहे. इतर सुधारगृहांनी हात टेकलेली, अतिशय हिंसक मुले तिथे पाठवली जातात. तिथे मुलाच्या वागण्याला दररोज गुण दिले जातात आणि त्यावर त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या सवलती ठरतात. आज बिघडले तर उद्या सवलत नाही, पण परवा पुन्हा संधी आहे. शिक्षेची साखळी लांबत जात नाही. शिक्षेचा झटका ज्यांना शिकवत नव्हता, पण गमावलेले पैसे शिकवत होते, त्या कैद्यांची इथे आठवण होते. मायकेल काल्डवेल आणि सहकाऱ्यांनी या केंद्रातून बाहेर पडलेल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला तेव्हा नेहमीच्या सुधारगृहांतून गेलेल्या तशाच मुलांच्या तुलनेत त्यांच्या हातून घडलेले हिंसक गुन्हे बरेच कमी भरले, आणि सायकोपॅथीच्या सूचीवर ज्यांचे गुण फार वर होते अशी मुलेही तिथे पुरेसा काळ राहिल्यावर सुधारताना दिसली.